कापड बेतावं तसं इंग्रजी: टिळकवाडीतला रविवारचा वाचनवर्ग

बेळगावच्या शहापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बोर्डावर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली मराठी आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजीत ‘लेडीज टेलर’. इंग्रजीशी माझा रोजचा संबंध एवढाच. त्यामुळं इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या वर्गाबद्दल मी लिहावं याचं कुणालाही नवल वाटेल. पण १२०० रुपये मी भरलेत, दहापैकी आठ रविवार भर पावसात जाऊन बसलेय, आणि परवा एका गिऱ्हाईक बाईंनी माप देता देता विचारलं, “तो वर्ग बरा आहे का हो? आमच्या पोराला घालू म्हणते.” त्यांना सांगायच्या नादात बाहीचं माप दोनदा घ्यावं लागलं. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि पुढं मी थोडी कुरकुरणारही आहे. हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेत. टिळकवाडीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी दहा ते बारा बसायचं, दहा रविवारांची एक बॅच. विषय एकच. जुन्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत जे ‘फ्रेजल व्हर्ब’ भेटतात, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ, आउट, इन असलं शेपूट लागून अर्थ पार बदलतो ते, ते वाचता वाचता कसे सोडवायचे.

मी तिथं पोचले लेकीमुळं. तिला बीएला डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आहे. रात्री ती वाचायची आणि मी समोर हुक-काजं करत बसायची. अडली की पुस्तक पालथं टाकायची. “आई, एकेक शब्द येतोय गं मला. दोन एकत्र आले की संपलं.” ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘ओव्हर’ म्हणजे वरून, आणि ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे थांबणे. ‘पुट अप’ म्हणजे वर ठेवणे असेल असं धरून पुढं जावं, तर माणूस प्रवासात कुठल्याशा धर्मशाळेसारख्या ठिकाणी मुक्कामाला उतरलेला. एका जुन्या गोष्टीत मालकीण मोलकरणीला ‘टर्न ऑफ’ करते. लेक म्हणाली, “हिचं बटण कुठं होतं की?” मोलकरणीला कामावरनं काढून टाकलं होतं.

दोन वर्षांमागं तिला एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घातलं होतं. तिथं ५०० फ्रेजल व्हर्बांची छापील यादी मिळाली, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी अर्थ, रोज वीस पाठ. पोरीनं केले पाठ, ५०पैकी ४७ मार्क आणले. कादंबरी उघडली तर त्यातलं काहीच कामाला येईना. यादीत प्रत्येकाला एकच अर्थ, आणि पुस्तकात नेमका तो सोडून दुसरा. फोनमधल्या ॲपचंही तेच. आजकालचा अर्थ ते पहिल्यांदा दाखवतं आणि आपण तो खरा मानून पुढं जातो.

पहिल्या रविवारी आम्ही अकराजण होतो. कॉलेजची पोरं, बँकेतल्या एक बाई, खानापुराहून बसनं येणारे निवृत्त पोस्टमास्तर काका, आणि गोकाककडचा एक पोरगा, इंजिनिअरिंगला इथं खोली घेऊन राहणारा. त्याची भाषा कन्नड, मराठी बाजारात आणि घरमालकिणीकडं शिकलेला. सरांनी प्रत्येकाला का आलात विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “सर, लेक बीएला इंग्रजी घेऊन बसली, तिच्या नादानं आले.”

“थांबा बाई,” सर म्हणाले. “घेऊन बसली. कुठं बसली?”

मला वाटलं थट्टा करताहेत. ते गोकाकच्या पोराकडं वळले. “तुला काय कळलं रे?” तो म्हणाला, “अक्कांची मुलगी काहीतरी घेतली आणि खाली बसली.” सगळे हसले. सरांनी फळ्यावर लिहिलं: करून बसला, करून टाकलं, करून ठेवलं, करून पाहिलं. काम एकच, करणे. पण ‘करून बसला’ म्हटलं की आता निस्तरा आलं. ‘करून टाकलं’ म्हणजे हातावेगळं झालं. ‘करून ठेवलं’ म्हणजे पुढच्या सोयीसाठी. ‘करून पाहिलं’ म्हणजे जमतंय का बघू. यात बसण्याचा, टाकण्याचा, बघण्याचा काय संबंध? आणि हे आपल्याला कुठल्या यादीतनं कुणी शिकवलं? तो पोरगा हळूच म्हणाला, “आमच्यात पण आहे सर. माडिबिट्टा.” कन्नडात ‘बिडू’ म्हणजे सोडणे, आणि ‘माडिबिट्टा’ म्हणजे करून टाकलं. मी जन्मभर या गावात कन्नड ऐकतेय, बाजारात बोलतेयही. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यानं घरमालकिणीची गोष्ट सांगितली. इथं आल्या वर्षीच गणपतीत त्या त्याला म्हणाल्या, “जा रे, देवापुढं नारळ वाढव.” हा दुकानात जाऊन आणखी दोन नारळ घेऊन आला. देवाचा नारळ फोडायचा म्हणू नये म्हणून आपण वाढवायचा म्हणतो, हे त्याला कोण सांगणार!

सरांनी त्या दिवशी जॉन्सनचंही सांगितलं. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की क्रियापदामागं असले लहान शब्द जोडून अर्थ बदलायची आमची जी रीत आहे, परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र फार नंतरचं, लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकानं १९२५च्या पुस्तकात वापरलेलं. म्हणजे दुखणं जुनं, नाव नवं. पोस्टमास्तर काकांना संस्कृत येतं, त्यांनी लगेच श्लोक म्हटला: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्.’ उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीनं दुसरीकडं ओढून नेतो. हार तोच, प्रहार केला तर मार, आहार केला तर जेवण, संहार केला तर सगळंच खलास. सर म्हणाले, “आपल्याकडं ओढणारा पुढं चालतो, इंग्रजीत मागनं ढकलतो.” हे वाक्य मी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

फी वसूल झाली ती तिसऱ्या रविवारी. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चं दुसरं प्रकरण. पिप नावाचं अनाथ पोर, त्याची बहीण त्याच्यापेक्षा वीस वर्षांहून मोठी, तिनंच त्याला वाढवलंय. शेजारीपाजारी तिची वाहवा होते कारण तिनं त्याला ‘ब्रॉट अप बाय हँड’. ‘ब्रिंग अप’ म्हणजे लहानाचं मोठं करणं, हे लेकीच्या यादीतही होतं. पण हातानं मोठं केलं म्हणजे काय? पिपलाही हे कळत नाही. बाईचा हात भारी जड, नवऱ्यावर आणि पोरावर सारखा पडणारा. म्हणून पोर आपल्या मनाशी ठरवतं की मला आणि ‘जो’ नावाच्या भावजींना, दोघांनाही हिनं ‘हातानंच’ वाढवलंय.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, म्हणजे मारून मुटकून. कॉलेजची पोरं म्हणाली, स्वतःच्या कष्टानं. सर कुणालाच हो म्हणेनात. शेवटी त्यांनी विचारलं, “जन्मतः आई गेलेलं बाळ आपल्याकडं कशावर वाढतं?” मी म्हटलं, “वरच्या दुधावर.” ते म्हणाले, “झालं की.”

अंगावर पाजण्याऐवजी हातानं, चमच्यानं किंवा बाटलीनं दूध घालून जगवलेलं बाळ, तेच ‘ब्रॉट अप बाय हँड’. त्या काळात अशी पोरं जगणं अवघडच, म्हणून त्या बाईचा टेंभा. आणि विनोद असा की अर्थ चुकतोय तो आपला एकट्याचा नाही. गोष्ट सांगणारं पोरगंच चुकतंय, आणि डिकन्सनं ते मुद्दाम चुकवलंय. लेकीच्या गाइडात याचा अर्थ ‘कष्टानं वाढवले’ एवढा दिलाय. त्यात दूधही गेलं आणि मारही गेला. नुसता अर्थ कळला असता तरी अर्धीच गंमत कळली असती. पोराचा चुकीचा अर्थ आणि बाईचा खरा अर्थ एकाच वेळी हातात धरायचा, तेव्हा ते वाक्य हलतं.

घरी जाऊन मी लेकीला सांगितलं. तिनं पान काढून पुन्हा वाचलं आणि खुदकन हसली. त्या पुस्तकावर तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मला त्या बाईची आणखी एक गोष्ट आवडली. तिच्या ॲप्रनच्या छातीला कायम टाचण्या-सुया टोचलेल्या, आणि पाव छातीशी धरून कापते तेव्हा एखादी टाचणी पावात जाऊन घरच्यांच्या तोंडात येते. ही बाई मी ओळखते. माझ्या पदरालाही चार टाचण्या असतात.

आता सरांची पद्धत. नियम ते कमी सांगतात. एखादं वाक्य घेतात आणि विचारतात, इथं कोण कुठं सरकलं? वर गेलं, बाहेर आलं, लांब गेलं, आत ओढलं? आधी ती हालचाल डोळ्यासमोर आणा, मग अर्थ. शिवाय दोन-तीन कसोट्या आहेत, त्या मात्र पक्क्या. ‘रॅन अप द हिल’ आणि ‘रॅन अप अ बिल’ ऐकायला सारखंच. टेकडी चढणाऱ्याबद्दल ‘अप द हिल ही रॅन’ असं उलटं म्हणता येतं. बिलाचं तसं होत नाही, कारण तिथलं ‘अप’ बिलाचं नाहीच, ते ‘रॅन’ला चिकटलंय, उधारी चढली. दिवा मालवायला ‘पुट आउट द लाइट’ म्हणा नाहीतर ‘पुट द लाइट आउट’, दोन्ही चालतं, पण दिव्याऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसणार, ‘पुट इट आउट’. आणि कान लावा: ‘लुक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर, ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर. हे आम्ही मोठ्यानं म्हणत होतो तेव्हा शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. रेल्वेच्या दुसऱ्या फाटकाला अडकलेली दोन पोरं त्याच वेळी भिजून आत आली, त्यांना वाटलं चुकीच्या घरात शिरलो.

सहावा रविवार माझा होता, असं म्हटलं तरी चालेल. कुठल्याशा गोष्टीत एक भोळा माणूस भामट्याकडून ‘टेकन इन’ होतो. म्हणजे फसतो. सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला, कोण कुठं सरकलं? सगळे गप्प. माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, टेक इन म्हणजे तर कमरेला आत घेणं.”

माझ्याकडं कॅम्पातल्या आर्मीवाल्यांच्या बायका येतात, मराठा रेजिमेंटकडल्या. कोण पंजाबची, कोण केरळची, सगळ्यांचं बोलणं इंग्रजीत. आरशापुढं उभं राहून म्हणतात, “कमरेला टेक इन करो, बाजू में थोडा लेट आउट करो.” पंधरा वर्षं मी हे ऐकतेय. लेट आउट म्हणजे शिलाई उसवून आतली माया, म्हणजे शिलाईत दाबलेलं जादा कापड, सोडायची. टेक अप म्हणजे उंची कमी करायची, लेट डाउन म्हणजे खालची पट्टी उसवून लांबी वाढवायची. घाईत काहीतरी शिवून दिलं की ‘रन अप’. मला ते इंग्रजी वाटतच नव्हतं, शिवणकामाचे शब्द वाटत होते.

सरांनी खडू माझ्या हातात दिला. खरंच दिला. मी फळ्यावर ब्लाउज काढलं आणि बाण दाखवत गेले. ‘लेट आउट’: आत दाबून ठेवलेली माया बाहेर सोडली. कादंबरीत गुपित ‘लेट आउट’ होतं तेही तसंच, दाबून ठेवलेलं बाहेर पडलं. ‘लेट डाउन’: खाली सोडलं, आणि माणसाला खाली सोडलं की तो तोंडघशी पडला. ‘टेक इन’: कापड आत ओढलं. सर म्हणाले, “आणि भोळ्या माणसाला भामट्यानं आपल्या बेतात आत ओढलं.” बेत म्हटल्यावर मला राहवेना. कापड कापायच्या आधी आपण ते बेततो. इंग्रजीत ‘कट आउट’. एखादा माणूस एखाद्या कामासाठी ‘कट आउट’ असतो, म्हणजे त्याच मापानं बेतलेला. आणि मराठीत त्याच बेतण्याला ‘वर’ लावलं की जिवावर बेततं. कापड कुठं गेलं, कात्री कुठं गेली? बँकेतल्या बाई म्हणाल्या, “ब्लाउजाचं पण जिवावरच बेतवता तुम्ही, वेळेवर देत नाही.” त्यांचा ब्लाउज तेव्हा माझ्याकडं तीन आठवडे पडून होता. खरं आहे ते.

त्याच दिवशी आणखी एक कळलं. इंग्रजीत कपडे चढवणे म्हणजे ‘डॉन’ आणि उतरवणे म्हणजे ‘डॉफ’. ते दोन्ही मुळात ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’. जोडी इतकी झिजली की एक शब्द होऊन बसली. शेक्सपिअरची ज्युलिएट रोमिओला म्हणते, तुझं नाव ‘डॉफ’ कर, म्हणजे अंगरखा उतरवावा तसं नाव उतरवून ठेव. शिवणाऱ्या बाईला हे सांगायला इतके रविवार का लावले, असं मला वाटून गेलं.

शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’ नाटकाचा दिवस गप्प करणारा होता. शेवटच्या अंकात तो झोपलेल्या बायकोजवळ दिवा घेऊन येतो आणि म्हणतो ‘पुट आउट द लाइट’, आणि मग पुन्हा तेच, ‘पुट आउट द लाइट’. पहिल्यांदा हातातला दिवा, दुसऱ्यांदा ती. दिवा विझवला तर परत लावता येईल, तिला नाही, असं तोच पुढं म्हणतो. यादीतल्या ओळीत ‘पुट आउट: विझवणे’ एवढंच लिहिलेलं असतं. काका म्हणाले, “आपल्या पेपरात रोज येतं की, प्राणज्योत मालवली.” त्यावर कुणी काही बोललं नाही, बाहेर पाऊस पडत होता. मग सर ‘झुंझारराव’बद्दल सांगायला लागले, देवलांनी याच नाटकाचं मराठी कसं केलं ते, आणि ते अर्धा तास चाललं. रसाळ होतं, पण आम्ही फ्रेजल व्हर्बांसाठी पैसे भरले होते.

कादंबरीकार जेन ऑस्टिनला त्यांनी एकच तास दिला, पण तिथली एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये लेडी कॅथरीन ही बडी बाई पाच बहिणींतल्या एलिझाबेथला विचारते, तुझ्या धाकट्या बहिणी ‘आउट’ आहेत का? सगळ्या, असं उत्तर. पाचहीजणी एकदम आउट? बाईंना धक्का. लेकीनं आधी वाचलं तेव्हा तिला वाटलं घराला कुलूप लावून सगळ्या फिरायला गेल्यात. ‘कम आउट’ म्हणजे मुलगी वयात आल्यावर चार लोकांच्या समारंभांत तिला न्यायला लागणं, म्हणजे थोडक्यात लग्नाच्या बाजारात आली. थोरलीचं ठरल्याशिवाय धाकटीला पुढं करू नये हा त्या बाईंचा हेका आमच्या गल्लीतल्या आज्यांना लगेच पटेल.

आता कुरकुर. हालचाल शोधायची पद्धत बरीच चालते, पण सगळीकडं नाही, आणि सरांना ते मान्य करायला वेळ लागतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. यात कोण वर गेलं आणि कोणाबरोबर ठेवलं, यावर त्यांनी ४० मिनिटं घालवली. शेवटी पोस्टमास्तर काका म्हणाले, “सर, हे पाठच करावं लागतंय की.” सर हसले आणि फळा पुसला. तसे काही पाठच करायचे असतात, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर बरं.

दुसरं, सर लाजतात. शेरलॉक होम्सची ‘द स्पेकल्ड बँड’ ही १८९२ सालची गोष्ट घेतली होती. भल्या सकाळी सव्वासातला होम्स वॉटसनच्या उशाशी उभा आणि म्हणतो, तुला ‘नॉक अप’ केलं माफ कर, आज सगळ्यांच्याच वाट्याला तेच आलंय. आधी घरमालकीण मिसेस हडसनला केलं, तिनं मला, मी तुला. म्हणजे दार ठोठावून उठवलं. मागची कॉलेजची पोरं तोंड दाबून हसत होती. सरांनी जुना दुसरा अर्थ सांगितला, दमून गळून जाणे, आणि पुढं सरकले. तिसरा, अमेरिकेतला अर्थ मला घरी लेकीकडून कळला. पोटुशी करणे. आता मिसेस हडसनबद्दलचं वाक्य पुन्हा वाचा. हे वर्गात सांगायला हवं होतं, जाणत्या वयाची सगळी माणसं होतो आम्ही. न सांगितल्यानं पोरं कोशापेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवायला लागतात.

तिसरं, गोकाकच्या पोरावर अन्याय होतो. सर समजावतात ते मराठीतनं, आणि त्यांचं मराठी जुनं, म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेलं. त्याला आधी मराठी वाक्प्रचार सोडवायचा, मग इंग्रजी. सर कन्नड बोलतात, पण अडखळत. मधेमधे मी आणि बँकेतल्या बाई त्याला सांगायचो. या गावात वर्ग चालवायचा तर दोन्ही भाषांत उदाहरणं लागणार. पहिल्या दिवशी ‘माडिबिट्टा’ निघालं तसं रोज एखादं काढायला काय हरकत होती?

बाकी बारीकसारीक. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन तासांत कंबर धरते. झेरॉक्स फिकट, एका पानावर ‘ऑफ’ आहे की ‘ऑन’ आहे तेच कळेना, आणि इथं तर सगळा खेळ त्याच एका अक्षराचा. वीज गेली की दाराशी सरकायचं. संध्याकाळची बॅच नाही. मी चुकवलेले दोन रविवार गौरी-गणपतीच्या शिलाईचे होते, ते भरून मिळाले नाहीत. सर म्हणाले, “पुढच्या वेळी या.” पैसे परत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं तक्रार नाही. पाच तारे द्यायचे असतील तर मी चार देते. अर्धा खुर्च्यांचा कापला आणि अर्धा ‘नॉक अप’चा.

कुणासाठी हा वर्ग आहे? परीक्षेत मार्क हवेत त्यांनी जाऊ नका. प्रश्नोत्तरं नाहीत, टेस्ट नाही, सर्टिफिकेटही नाही. लेक तीनदा आली आणि सेमिस्टर जवळ आल्यावर सोडून दिलं, तिचं बरोबर होतं. नोकरीच्या मुलाखतीसाठी फाडफाड बोलायचंय त्यांनाही उपयोग नाही. ज्युलिएटचं ‘डॉफ’ घेऊन मुलाखतीत काय करणार! पण एखादं जुनं पुस्तक अर्ध्यावर टाकून दिलेलं घरात पडलं असेल, आणि ते डोळ्यांत सलत असेल, तर जा. गिऱ्हाईक बाईंना मी विचारलं, पोरगा वाचतो का? त्या म्हणाल्या, फोन वाचतो. मग थोडं थांबा म्हटलं.

शेवटच्या रविवारी गोकाकच्या पोरानं गावाहून करदंट, तिकडची सुकामेव्याची मिठाई, आणला होता. काकांच्या दातांना तो चालेना, त्यांनी खिशात टाकला. सरांनी प्रत्येकाला एक वाक्य दिलं, घरी सोडवून आणायला नाही, नुसतं जवळ ठेवायला. माझं डिकन्समधलंच निघालं. मी आता एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत पोचलेय. पिपला अचानक पैसा मिळणार म्हणून तो सूट शिवायला ट्रॅब नावाच्या शिंप्याकडं जातो, आणि आधी नाश्ता सोडून न उठणारा शिंपी पैशाचं नाव ऐकल्याबरोबर कसा मऊ होतो बघा. दिवसाला चार पानं होतात. जिथं अडते तिथं पानाच्या कडेला टाचणी लावून ठेवते.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. फी तीच राहील म्हणालेत. बसायला उशी घेऊन जा, आणि झेरॉक्स आधी उजेडात धरून बघा, फिकट असेल तर लगेच बदलून मागा.